बेरजेत २,७०० रुपयांचा फरक

प्रश्न : सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. पावतीपुस्तकापेक्षा बेरीज २,७०० रुपयांनी कमी येते. चूक कशी शोधावी?

उत्तर : आधी रकमेच्या रकान्यावर, शीर्षक वगळून, ‘काउंट’ (फक्त आकड्यांचे कप्पे मोजणारे) आणि ‘काउंटए’ (भरलेले सगळे कप्पे मोजणारे) ही दोन्ही सूत्रे लावा. ‘काउंटए’चा आकडा मोठा आला, तर काही रकमा मजकूर म्हणून साठल्या आहेत, बेरजेचे ‘सम’ हे सूत्र त्या मोजतच नाही. अशा रकमा सहसा डावीकडे चिकटलेल्या दिसतात. नुसता फॉरमॅट ‘नंबर’ करून त्या सुधारत नाहीत, इथेच बहुतेकांचा वेळ जातो. रकाना निवडून ‘डेटा’मधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’वर जा आणि थेट ‘फिनिश’ दाबा. तरीही काही रकमा अडल्या, तर बँकेच्या पानावरून चिकटवताना आलेली न दिसणारी मोकळी जागा ‘रिप्लेस’ने काढा.

दोन्ही आकडे सारखे आले, तर २,७०० ची एखादी पावती चढवायची राहिली का ते पाहा. नसेल, तर फरकाला ९ ने भाग जातो हे महत्त्वाचे : शेजारचे अंक उलटे पडले असावेत. २,७०० म्हणजे ९०० गुणिले ३, म्हणून हजार आणि शतकाच्या अंकांत ३ चा फरक असलेल्या नोंदीच तपासा. उदाहरणार्थ, ४,१०० च्या जागी १,४००.