श्रद्धा सुटल्यावर कला तिची जागा घेऊ शकते का?

तुम्ही विचारलंय, "देवावरचा विश्वास उडालाय, पण चित्रं बघताना अजून भरून येतं. कला श्रद्धेची जागा घेईल का?" माझ्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. तरी चित्रं सोडू नका, असंच सांगेन.

माझी आई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होती. लहानपणापासून न चुकता म्हटलेली प्रार्थना त्या दिवसांत तोंडातून फुटेना. राग इतका होता, की ज्याच्याकडे मागायचं त्याचंच तोंड बघू नये असं वाटायचं. मग तिच्या उशाशी बसून मी तिचे हात रेखाटायला लागले. फुगलेल्या शिरा, सैल पडलेलं मनगट, नखांवरच्या उभ्या रेघा. पेन्सिल चालू असेपर्यंत भीती जरा लांब उभी राहायची. वही मिटली की पुन्हा तेच. चित्रांनी सोबत केली. 'हे तिच्याच वाट्याला का' याचं उत्तर काही दिलं नाही.

नंतर मायकेलअँजेलो या इटालियन चित्रकार-शिल्पकाराबद्दल वाचलं आणि धीर आला. १५५४ च्या सुमारास, ऐंशीला टेकलेला असताना, त्याने एका सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, लिहिलं की चित्र किंवा शिल्प आता माझ्या जिवाला शांत करणार नाही, त्याला ओढ देवाच्या प्रेमाची आहे. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनागृहाचं छत रंगवणारा माणूस हे म्हणतो! आणि तरीही छिन्नी खाली ठेवत नाही. 'रोंदानिनी पिएता' हे शिल्प तो फेब्रुवारी १५६४ मध्ये, ८८ व्या वर्षी, मरणाच्या थोडेच दिवस आधीपर्यंत घडवत होता. मृत येशूला धरून उभी असलेली मेरी. आधी घडवलेलं त्याने पुन्हा तासलं आणि येशूचा नवा देह मेरीच्याच दगडातून काढला. जुन्या येशूचा एक हात शरीरापासून सुटून तसाच बाजूला राहिलाय. कोण कोणाला सावरतंय, ते बघताना कळत नाही. त्याच्यापाशी श्रद्धा होती, तरी हात थांबले नाहीत. माझ्यापाशी ती नव्हती, तरी थांबले नाहीत.

म्हणून तुम्हाला भरून येतं ना, ते येऊ द्या. त्याला लगेच देव म्हणायची घाई नको, आणि देवाचं काम चित्रांवर लादूही नका; त्या ओझ्याखाली चित्रं बघणंच नकोसं होतं, हे मी अनुभवलंय.

माझी प्रार्थना पूर्वीसारखी परत आलेली नाही. पण कधीकधी वही उघडण्याआधी हात आपसूक जोडले जातात. कोणापुढे, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.