ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी बदलता येतं का?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी ९०,००० किलोमीटर फिरलीय. हल्ली सकाळी पार्कमधून ड्राइव्हला टाकताना हलका झटका बसतो. सर्व्हिसवाले म्हणतात हे ऑइल लाइफटाइम आहे, हात लावू नका. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, मग हे जमेल का? गाडीला डिपस्टिक नाहीये, किती भरायचं ते कसं कळणार?

उत्तर : जमेल. पण इंजिन ऑइल थोडं कमीजास्त झालं तर गाडी सांभाळून घेते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेवढंही चालवून घेत नाही, सगळा खेळ लेव्हलचा आहे हे आधी डोक्यात पक्कं करा.

लाइफटाइम या शब्दावर माझा विश्वास नाही. झेडएफ कंपनी कितीतरी गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते आणि ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. हे काही नुसतं वंगण नाहीये, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे तेच नेतं, क्लच प्लेटा दाबायचं प्रेशर तेच देतं, उष्णता बाहेर तेच काढतं, एवढं करून ते खराब होणारच ना. मात्र झटका ऑइलनेच जाईल असं मी सांगणार नाही, सकाळी थंड इंजिनाचा आरपीएम जास्त असतो आणि माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती, दबून खराब झालेली असली तरी असाच झटका येतो, ते आधी बघून घ्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच आणा. डेक्स्रॉन सहा, टोयोटा डब्ल्यूएस, होंडा डीडब्ल्यू-वन ही सगळी दिसायला सारखीच लाल, पण एकाच्या जागी दुसरं चालेलच असं नाही, आणि सीव्हीटी, म्हणजे गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक असेल तर ऑइल सीव्हीटीचंच लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खालचा ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी भरायचा बोल्ट सोडून बघा! माझ्या एका मित्राने आधी सगळं ऑइल काढलं आणि मग वरचा बोल्ट निघेचना, जोर लावला तर त्याची धार गोल झाली, गाडी तीन दिवस स्टँडवर तशीच उभी, गिअरबॉक्स अर्धा रिकामा. वरचा निघाला तरच खालच्याला हात लावायचा.

गाडी सपाट जागेवर आणि चारही बाजूंनी सारखी उचललेली पाहिजे, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, स्टँड लावाच. ऑइल कोमट असताना काढा, कडकडीत गरम असेल तर हात भाजतो. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या, कारण जेवढं निघालं तेवढंच सुरुवातीला भरायचंय. ते बोटांवर घेऊन बघा : तपकिरी झालेलं चालतं, जळका वास आला तर आत क्लच घासलाय, आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट मिसळलंय, मग पुढे काही करू नका, गाडी टो करून न्या. चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइलच्या भांड्याच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असतो, तो नॉर्मल आहे. बोटाला टोचणारे लोखंडाचे तुकडे लागले तर मात्र काळजीचं आहे.

नवीन वॉशर टाकून ड्रेन बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा, चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर आटे लगेच जातात. ऑइल भरलं की इंजिन चालू करून ब्रेक दाबून ठेवा आणि प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबत पार्कवर परत या. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत लेव्हल चेकचा बोल्ट असतो, इंजिन चालू ठेवून आणि ऑइल ठराविक तापमानाला आलं की तो उघडायचा, बारीक धार येऊन थेंब थेंब पडायला लागलं की लेव्हल बरोबर. हे तापमान मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर वाचायचं, अंदाजाने नाही. थंड असताना काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर फुगून जास्त होतं, फेस येतो आणि गिअर स्लिप होतात, आणि फार गरम असताना बघितलं तर चांगलं ऑइल वाहून जातं.

एकदा काढून सगळं ऑइल निघत नाही हेही लक्षात घ्या. समजा आत एकूण ८ लिटर आहे आणि निघालं साडेतीन, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्येच राहतं, म्हणजे नवीन जेमतेम ४४ टक्के झालं. मध्ये थोडी गाडी चालवून असं तीनदा केलं की ८० टक्क्यांच्या पुढे जातं. मला हीच पद्धत आवडते, वर्षानुवर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीनचा फ्लश, म्हणजे मशीन लावून सगळं ऑइल एकदम बदलणं, मी सुचवत नाही.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे. मलाही हेच करायचंय का?

उत्तर : नाही. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी मशीन टाकतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, गिअर ऑइल वेगळं, आणि काही गाड्यांत क्लच-गिअर हलवणाऱ्या युनिटचं हायड्रॉलिक ऑइल आणखी वेगळं असतं, त्याच्या टाकीत चुकूनही गिअर ऑइल ओतू नका.