वाचकांचे प्रश्न : एअर क्लीनरची निवड आणि देखभाल

खाणी, क्रशर आणि रस्त्यांची कामे जोरात सुरू असली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एअर क्लीनरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याचा आणि त्यातल्या फिल्टरचा, विषय हटकून असतो. या वेळी त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण इतर बऱ्याच पत्रांतील अडचणीचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : आमचा सातारा जिल्ह्यात खडी क्रशर आहे. रोज संध्याकाळी हेल्पर पोकलेन आणि व्हील लोडरचे आतले व बाहेरचे असे दोन्ही फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करतो. तरीही लोडरचे इंजिन ऑईल खाऊ लागले आहे आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो. मेकॅनिकच्या मते इंजिनात धूळ गेली आहे. रोज साफ केलेल्या फिल्टरमधून धूळ जाईलच कशी?

उत्तर : आपल्या वर्णनावरून मेकॅनिकचे निदान बरोबर वाटते, आणि धूळ आत जाण्यास ही रोजची साफसफाईच कारणीभूत असण्याची शक्यता मोठी आहे. हेल्परच्या कष्टांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. कॉम्प्रेसर हाताशी असला की फिल्टरवर हवा मारण्यासाठी हात शिवशिवतात, हे कोणत्याही साइटवर दिसते. मात्र कागदी फिल्टरचे काम कसे चालते हे एकदा लक्षात घेतले, तर ही सवय किती महागात पडते ते कळेल.

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे दहा हजार लिटर हवा लागते आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहूनही जास्त हवा ओढते. या हवेतले डोळ्यांना दिसणारे मोठे कण फिल्टर सहज अडवतो. खरा धोका असतो तो साधारण ५ ते २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचा, कारण पिस्टन रिंग आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) यांच्यामधील ऑईलच्या थराच्या जाडीशी त्यांचा आकार जुळतो. ते त्या फटीत शिरतात आणि दोन्ही बाजूंचा धातू घासत राहतात. काळ्या पाषाणाची कच या कामाला पुरेशी कठीण असते. नव्या फिल्टरच्या कागदावर धुळीचा पहिला पातळ थर बसला की तो थरच पुढच्या बारीक कणांना अडवू लागतो, म्हणजे फिल्टर काही काळ वापरल्यानंतर अधिक चांगला गाळतो. आपला हेल्पर तो थर रोज संध्याकाळी उडवून लावतो आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दाबाचा मुद्दा याहून गंभीर आहे. क्रशरवरच्या कॉम्प्रेसरची हवा दर चौरस सेंटिमीटरला ७ ते ८ किलोच्या दाबाने येते. ज्या यंत्रांच्या पुस्तिकेत बाहेरचा फिल्टर साफ करण्याची मुभा दिलेली असते, तेथेही मर्यादा साधारण २ किलोची, म्हणजे ३० पीएसआयची (दर चौरस इंचाला ३० पौंडांची) असते. हवा आतून बाहेर, घड्यांच्या लांबीच्या दिशेने मारायची असते आणि नोझल कागदाला टेकवायचे नसते. पूर्ण दाबाने हवा मारली की कागदाला इतकी बारीक छिद्रे पडतात की वरवर पाहून ती कळत नाहीत. फिल्टरच्या आत बल्ब सोडून अंधारात बाहेरून पाहिल्यास प्रकाशाचे ठिपके दिसतात. एक ठिपका दिसला तरी तो फिल्टर पुन्हा बसवू नये. काही उत्पादक बाहेरचा फिल्टर जास्तीत जास्त सहा वेळा साफ करू देतात, तर काही एकदाही नाही. फिल्टर टायरवर आपटणे, पेट्रोलने किंवा डिझेलने धुणे हे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण त्याने घड्या वाकतात आणि टोकाचे सील सुटते.

आतला फिल्टर हा सुरक्षेसाठी असतो आणि तो कधीही साफ करायचा नसतो. बाहेरचा फिल्टर बदलताना इंजिनच्या नळीत धूळ पडू नये, तसेच बाहेरचा फाटला तर इंजिन वाचावे, एवढ्यासाठीच तो तेथे असतो. रोज तोही काढला, तर डब्याच्या तळाशी आणि कडेला साचलेली धूळ थेट स्वच्छ नळीत पडते. बाहेरचा फिल्टर तिसऱ्यांदा बदलताना आतला नवा घालावा, हा अनेक उत्पादकांचा प्रघात आहे. त्याआधीच तो मळलेला दिसला, तर बाहेरचा फिल्टर फाटला आहे किंवा त्याचे सील बसत नाही असे समजावे.

लोडरचे इंजिन खोलण्यापूर्वी आणखी एक तपासणी करावी, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतची (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यापर्यंतची) रबरी नळी काढून तिच्या आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर धुळीचा थर आला, तर धूळ नळीच्या चिरेतून, सैल क्लिपमधून किंवा फिल्टरच्या सीलवरून येत आहे. अशा वेळी टर्बोच्या पात्यांच्या कडाही झिजलेल्या आढळतात. ही गळती तशीच ठेवून नवे लायनर-पिस्टन टाकले, तर तेही त्याच वाटेने जातील.

प्रश्न : मग फिल्टर साफ करायची किंवा बदलायची वेळ झाली हे ओळखायचे कसे? आमच्या एका यंत्राच्या एअर क्लीनरवरचा, फिल्टर चोंदल्याची खूण दाखवणारा इंडिकेटर वर्षभरात लाल झालेला नाही.

उत्तर : वेळ इंडिकेटरने ठरवावी, फिल्टरच्या रंगावरून नव्हे. फिल्टर भरत गेला की त्याच्या पलीकडच्या नळीत ओढ वाढते आणि इंडिकेटर ही ओढच मोजतो. बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांना पाण्याच्या सुमारे २५ इंचांपर्यंतची, म्हणजे साधारण ६ किलोपास्कलची ओढ चालते. टर्बो नसलेल्या इंजिनांची मर्यादा यापेक्षा कमी असते. आपल्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहावा. मर्यादा ओलांडल्यावर इंजिनची ताकद पडते, काळा धूर येतो आणि डिझेल जास्त लागते. ओढ पूर्ण भारावर सर्वाधिक असते, म्हणून इंजिन रिकामे फिरवून घेतलेल्या खुणेवर विसंबू नये. लाल पट्टी एकदा वर आली की बटण दाबेपर्यंत तेथेच राहते, त्यामुळे फिल्टर बदलल्यावर बटण दाबणे विसरू नये. अनेकदा नवा फिल्टर घालूनही इंडिकेटर लालच राहिल्याची तक्रार येते आणि कारण एवढेच निघते.

धुळीच्या साइटवर वर्षभर इंडिकेटर हललाच नाही, ही मात्र काळजीची बाब आहे. एकतर तो बिघडला आहे, किंवा त्याचे छिद्र धुळीने बुजले आहे, किंवा हवा फिल्टर टाळून दुसऱ्याच वाटेने आत जात आहे. इंडिकेटर काढून त्याला स्वच्छ, छोटी नळी लावावी आणि तोंडाने ओढून पाहावे. पट्टी हलली नाही तर तो बदलावा. त्याची किंमत इंजिनाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

प्रश्न : बाजारात मूळ कंपनीच्या फिल्टरच्या निम्म्या किमतीत तसाच दिसणारा फिल्टर मिळतो. तो घ्यावा का?

उत्तर : तसाच दिसतो, एवढ्यावर घेऊ नये, पण खोक्यावर यंत्राच्या कंपनीचे नाव नाही, एवढ्याने टाकूनही देऊ नये. फिल्टर बनवणाऱ्या चांगल्या स्वतंत्र कंपन्या आहेत. विक्रेत्याला आयएसओ ५०११ या एअर क्लीनरच्या चाचणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. त्यात हवेचा प्रवाह, ओढ, धूळ अडवण्याचे प्रमाण आणि किती धूळ मावते हे दिलेले असते. केवळ ‘इतक्या मायक्रॉनचा’ असे सांगणारा विक्रेता फारसे काही सांगत नसतो. अडवण्याच्या टक्केवारीतला दशांशही महत्त्वाचा असतो : ९९.९ टक्के धूळ अडवणारा फिल्टर हजारातला एक भाग आत सोडतो, तर ९९ टक्केवाला दहा भाग सोडतो, म्हणजे धूळ दहापट आत जाते.

हवेचा प्रवाह स्वतः मोजून पाहता येतो. समजा इंजिन ६ लिटरचे आहे आणि ते मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर भरतात, म्हणून ६ गुणिले १००० असे ६००० लिटर होतात. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरून साधारण ५४००. टर्बो हवेचा दाब दुप्पट करत असेल तर ढोबळमानाने मिनिटाला १०,८०० लिटर, म्हणजे सुमारे ३८० सीएफएम (मिनिटाला घनफूट). फिल्टरची क्षमता यापेक्षा थोडी जास्तच हवी. धुळीच्या साइटसाठी शक्य असेल तेथे एक माप मोठा एअर क्लीनर निवडावा, असे माझे मत आहे.

खरेदी करताना दुकानातच एक गोष्ट हाताने पाहावी. जुना आणि नवा फिल्टर शेजारी उभे करून उंची जुळते का आणि सीलचे रबर बोटाने दाबल्यावर लगेच वर येते का, हे तपासावे. कडक रबराचा किंवा चार-पाच मिलिमीटरने आखूड फिल्टर डब्यात बसतो, झाकणही लागते, पण सील धरत नाही.

प्रश्न : आमच्या ऊसतोडणी यंत्राचा फिल्टर दिवसातून दोनदा चोंदतो. मोठा फिल्टर बसवावा का?

उत्तर : आपली अडचण धुळीपेक्षा पाचटाची आहे, त्यामुळे मोठ्या फिल्टरने फार फरक पडणार नाही. पाचटाचे तंतू आणि भुसा कागदावर घोंगडीसारखे पसरतात. ते फिल्टरपर्यंत पोहोचूच नयेत यासाठी आधी जाळी किंवा फिरता प्री-क्लीनर (फिल्टरच्या आधीच कचरा वेगळा काढणारे साधन) हवा आणि हवेचे तोंड शक्य तितके उंच असावे. सायलेन्सरच्या झोताने कचरा ओढून बाहेर टाकणारे प्री-क्लीनरही मिळतात. पाचट जाळीवरच अडकत असेल तर जाळी दर पाळीला हाताने साफ करावी. तेवढ्यासाठी फिल्टर उघडावा लागत नाही. डब्याच्या तळाला असलेली रबरी झडप रोज बोटांनी दाबून आतली धूळ पाडावी. ती झडप तुटली किंवा हरवली, तर तेथून उलट धूळ आत ओढली जाते. आणि डबा आडवा असेल तर झडप नेमकी खालच्या बाजूलाच हवी.

प्रश्न : जुन्या यंत्राचा ऑईलबाथ (तळाच्या ऑईलमध्ये धूळ पकडणारा) एअर क्लीनर काढून कागदी बसवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि धुळीच्या कामात तसे करणे योग्य ठरेल, कारण इंजिन हळू फिरत असताना ऑईलबाथची धूळ पकडण्याची क्षमता बरीच घटते. मात्र नवा डबा इंजिनाच्या हवेच्या गरजेनुसार निवडावा, भक्कम ब्रॅकेटवर बसवावा आणि इंडिकेटर लावूनच बसवावा. तोपर्यंत जुन्या डब्यात ऑईल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑईल, विशेषतः यंत्र उतारावर असताना, इंजिनात ओढले जाते आणि इंजिन आटोक्याबाहेर धावू लागण्याचा धोका असतो.