वाचकांचे आरोग्यप्रश्न : नागिणीचा पट्टा आणि हातातले ७२ तास

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. गॅस असेल म्हणून ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. तिसऱ्या दिवशी तिथेच लाल चट्टा उठला. शेजारच्या आजींनी नागीण आहे म्हणून गेरूचा लेप लावला, ‘दोन टोकं जुळली तर माणूस जातो’ असंही म्हणाल्या. डॉक्टरांकडे गेलो तो पुरळ उठून सहा दिवस झाल्यावर. आता खपल्या पडून गेल्या, पण ब्लाउजची कड टेकली तरी त्या कळवळतात. पुन्हा घरात कुणाला झालं तर ओळखायचं कसं?
(लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : नागीण फोडांनी नव्हे, दुखण्यानं सुरू होते, म्हणून घरोघरी हीच गल्लत होते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी पडून राहतो. वय, मधुमेह, स्टिरॉइड किंवा केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती उतरली की तो एखाद्या नसेतून कातडीकडे येतो. आधी एक ते पाच दिवस त्या पट्ट्यात आग, टोचणी, मुंग्या. मग लाल चट्टा आणि त्यावर पाणीदार फोडांचे पुंजके. अंग मोडून येतं, कणकणही असते. मात्र डाव्या छातीत दुखतंय आणि अंगावर काहीच दिसत नाही, तेव्हा नागिणीची वाट पाहत घरी बसू नका. आधी ईसीजी काढा.

ओळखायची खूण सोपी आहे. उजेडात पाठ बघा. पट्टा मणक्यापाशी सुरू होतो, एकाच बाजूनं पुढे येतो आणि पोटाच्या मध्यरेषेवर थांबतो, कारण प्रत्येक नस शरीराची एकच बाजू सांभाळते. टोकं म्हणूनच सहसा जुळत नाहीत, आणि जुळल्यानं कुणी मरत नाही. फोडही सात ते दहा दिवसांत आपोआप सुकून खपली धरतात. त्याचं श्रेय गेरूला जातं. गेरूनं, मातीनं खरं नुकसान होतं ते असं की फोड फुटतात, त्यात जंतू शिरतात, आणि मधुमेहात तिथे पू व्हायला वेळ लागत नाही.

विषाणूविरोधी गोळ्यांचा सर्वाधिक उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यावर होतो. पहिला चट्टा कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तरी जायचंच, नवे फोड येत असतील तर गोळ्या तरीही देतात. नेहमीचा डोस असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. ओठावरच्या फोडांसाठी आणलेली २०० किंवा ४०० ची उरलेली पट्टी इथे पुरत नाही, नुसतं मलम तर नाहीच. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. केमिस्टकडून स्टिरॉइडचं मलम आणून लावू नका.

काही वेळा मात्र उद्यावर टाकायचं नाही. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात असतो, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकच नस जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. रात्रीची वेळ असेल तर इंदूरच्या एम.वाय. (महाराजा यशवंतराव) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात. कानात फोड आणि तोंड वाकडं होणं, जोराची डोकेदुखी, बरळणं, लघवी अडणं, दोन-तीन ठिकाणी पट्टे उठणं, यातलं काहीही दिसलं तरी तसंच. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी साधा चट्टा दिसला तरी थांबू नये.

फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्यांना कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही त्यांना कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पट्टा न चिकटणाऱ्या गॉजनं झाका, टॉवेल वेगळा ठेवा. घरात गरोदर मुलगी किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना लांब ठेवा. संपर्क आलाच तर पुरळाची वाट न पाहता त्यांच्या डॉक्टरांना कळवा.

सासूबाईंना आता जे होतंय ते नस दुखावल्याचं दुखणं आहे. साध्या वेदनाशामकाला ते फारसं दाद देत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारखी औषधं कमी डोसपासून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झापड येते, तेव्हा रात्री उठताना त्यांना हात द्या. तीन महिन्यांपलीकडे दुखणं राहिलं तरी उपचार सोडू नका.

प्रश्न : एकदा नागीण होऊन गेली, आता लस घ्यायची का? वय ५६.
(सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : हो, घ्या. नागीण पुन्हा होऊ शकते. ५० वर्षांपुढच्यांसाठीची लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. आधीचं पुरळ पूर्ण बरं झालेलं असावं. दंड दुखणं, एक-दोन दिवस ताप अपेक्षित आहे. लस महाग आहे, पण त्यासाठी दुसरा डोस टाळू नका.