पासवर्ड मुलीच्या हाती द्या

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. मुलीची एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप संपत आली आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला मिळालेल्या रँकवर रेडिओलॉजी किंवा त्वचारोग यांपैकी एक शाखा मिळेल, असे जाणकार सांगतात. तिला मात्र फॅमिली मेडिसिन घेऊन आपल्याच भागात काम करायचे आहे. तिच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले, भातशेती गहाण ठेवली. आता स्थळे येऊ लागली आहेत, आणि 'फॅमिली डॉक्टर' म्हटले की लोक विचारतात, म्हणजे मुलगी पुढे शिकली नाही का? प्रवेशाच्या चॉइस फिलिंगचा, म्हणजे शाखा-महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरण्याचा, पासवर्ड माझ्याकडे आहे. मुदतीच्या आत मी योग्य तेच भरेन. तोवर तिची समजूत कशी घालावी, ते सांगावे.

उत्तर: आपल्या पत्रातील पासवर्डचे वाक्य मला सर्वांत अधिक खटकले, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. जी मुलगी रात्री अपघात विभागात उभी राहून जखमा शिवते, रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगते, आणि काही आठवड्यांनी जिच्या सहीला कायद्याने वजन येणार आहे, तिच्या पुढच्या तीन वर्षांचा आणि पर्यायाने पुढच्या तीस वर्षांचा निर्णय तिला न विचारता संगणकावर भरून टाकण्याचा विचार आपण करीत आहात, आणि वर तिची समजूत घालण्याचे काम माझ्यावर सोपवीत आहात. ते काम मी करणार नाही. आपण आयुष्यभर शिकवले आहे. पाटीवरचे उत्तर गुरुजींनीच लिहून दिले तर त्या मुलाला गणित येते असे आपण कधी म्हटले नसेल.

यात व्यावहारिक धोकाही आहे. मनाविरुद्ध मिळालेली जागा सोडायची ठरवल्यास प्रवेशफेरीच्या नियमांनुसार अनामत रक्कम जप्त होऊ शकते, पुढील परीक्षेला बसण्यावर बंदी येऊ शकते आणि रुजू झाल्यानंतर सोडल्यास दंडही भरावा लागू शकतो. जागा न सोडता ती तीन वर्षे ओढत नेली, तर माणसांशी बोलण्यासाठी डॉक्टर झालेली मुलगी पडद्यावरच्या प्रतिमांचे अहवाल लिहीत बसेल. रेडिओलॉजी ही उत्तम शाखा आहे. ती ज्याला मनापासून हवी आहे, त्याला ती जागा मिळू द्या.

स्थळांविषयी एवढेच म्हणतो की 'पुढे शिकली नाही का' असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे, पण ते देण्यासाठी आधी आपल्याला स्वतःला ते ठाऊक हवे. मला शंका आहे की तो प्रश्न पाहुण्यांइतकाच आपल्याही मनात आहे.

एमबीबीएस झाला की फॅमिली डॉक्टर होता येतेच, मग त्यासाठी वेगळे शिक्षण कशाला, हा समज आपल्या भागात फार खोल रुजला आहे. दवाखाना उघडता येतो हे खरे; पण एमबीबीएसचा विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विभागात काही आठवडे राहून पुढे सरकतो, आणि तेथे त्याला दिसणारा रुग्ण बहुधा आधीच कोणीतरी तपासून, निदानाचा अंदाज बांधून पाठवलेला असतो. खेड्यात रुग्ण निदान घेऊन येत नाही. पहाटे पोटात कळ येते म्हणून मुलाला खांद्यावर घालून आणतात; अंगावर कसलीही खूण नसते; तो रात्री जमिनीवर झोपला होता का, हे विचारण्याचे आणि त्याच्या पापण्या जड होत आहेत का, हे पाहण्याचे ज्याला सुचते, त्यालाच मण्यारीचा दंश ओळखता येतो. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल तर दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त अजून पाण्यासारखे वाहत असेल तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर हीच चाचणी फसवते. काजूच्या हंगामात रानात जाऊन आलेल्या माणसाचा ताप पाहताना रानातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाची आठवण व्हावी लागते. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात ओळखला गेलेला हा आजार आता सिंधुदुर्ग आणि गोव्यातील सत्तरीपर्यंत पोहोचला आहे, म्हणजे आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या दाराशी. त्याच सकाळी एक गरोदर स्त्री, एक दारू सोडू पाहणारा माणूस आणि साखर वाढलेली आजी बाहेर बसलेली असते. कोणाला येथेच ठेवायचे आणि कोणाला आत्ताच बेळगावला पाठवायचे, हा निर्णय करण्याची तयारी हेच या शाखेचे शिक्षण आहे, आणि त्याला तीन वर्षे लागतात, यात नवल नाही.

मार्ग परिचित आहेत: नीट-पीजीतून तीन वर्षांचे डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिन, काही मोजक्या महाविद्यालयांत एम.डी., आणि दोन वर्षांची पदविका. ही शाखा फॅशन म्हणून निघालेली नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तिचा आग्रह धरला आहे, आणि केरळमध्ये कोळिकोडच्या शासकीय महाविद्यालयात तिची एम.डी. बऱ्याच वर्षांपासून शिकवली जाते.

माझ्या आईचे उदाहरण सांगतो. तिला रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी होती, आणि आम्ही तिला मोठ्या भक्तिभावाने बेळगावातील तीन निरनिराळ्या तज्ज्ञांकडे नेत असू. तीन फायली होत्या, त्यांतले सगळे इंग्रजीत होते, नर्सबाई कानडीत सांगत आणि आई मराठीत हो म्हणत असे. पाय सुजू लागले तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगितली. स्ट्रिपा एकेक करून बाजूला लावल्या. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेदनाशामकाच्या निघाल्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला ते वेदनाशामक रोज दुप्पट जात होते. या तिन्हींचा एकत्र मारा मूत्रपिंडावर होतो. रक्ततपासणीत तेच दिसले. बाईंनी वेदनाशामके बंद केली, उरलेल्या स्ट्रिपांवर पेनाने सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून दिला, आणि आठ दिवसांनी परत बोलावले. तिन्ही तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर होते. आईला संपूर्ण पाहणारे कोणी नव्हते. त्या बाईंकडे फॅमिली मेडिसिनची पदवी होती, हे मला पुष्कळ नंतर कळले.

खेड्यात राहिल्याने बुद्धी वाया जाते, असे आपल्या पत्रात कोठे लिहिलेले नाही, परंतु ते प्रत्येक ओळीमागे आहे. आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट आपल्याला माहीत असावी. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिझोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, हा प्रश्न जगभर विचारला जात होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात, घरी आणि उपकेंद्रात बाळंतपणे करणाऱ्या एएनएम नर्सबाईंच्या हातून 1620 स्त्रियांवर अभ्यास झाला. गोळीने रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. 2006 मध्ये तो निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच उपयोगासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. हे ज्ञान आपल्या गावांतून जगाकडे गेले आहे.

कर्जाचा प्रश्न मात्र खरा आहे. रेडिओलॉजिस्टला पहिल्या वर्षांत अधिक पैसे मिळतील, यात वाद नाही. परंतु डीएनबीच्या काळातही विद्यावेतन मिळते, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात हप्त्याचे काय होईल, हे बँकेला लेखी विचारता येते. आपण आणि मुलगी एका संध्याकाळी कागद घेऊन बसा, दरमहा हप्ता, शेती सोडवायची रक्कम, घरखर्च असे मांडा. हा हिशेब तिने पाहिलेला नसेल, तर तो दाखवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तो लपवून तिच्या नावाने दुसरेच भरण्याचा नाही.

आता मुलीसाठी दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. खेड्याची सेवा करायची, एवढ्या भावनेवर ही शाखा घेऊ नये. डीएनबीच्या सर्व जागा सारख्या नसतात; काही ठिकाणी या शाखेचे निवासी डॉक्टर रिकाम्या विभागांत रात्रपाळी भरून काढण्यासाठीच वापरले जाण्याचा धोका असतो. म्हणून पसंतिक्रम लावण्यापूर्वी तेथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना फोन करून विचारावे की बाळंतपणे स्वतः करायला मिळतात का, तेच रुग्ण वर्षभर पुन्हा पुन्हा पाहता येतात का, आणि शाखेचा स्वतःचा शिक्षक रोज शिकवतो की सहीपुरता येतो. शहरातील चकचकीत रुग्णालयापेक्षा तालुक्याच्या गावातील शंभर खाटांचे चालते रुग्णालय या शिक्षणाला अधिक योग्य असू शकते. कानडी बोलता येत असेलच. ती लिहिता-वाचताही यायला हवी, कारण आपल्या भागात रुग्ण मराठीत दुखणे सांगतो आणि सरकारी नोंदवही कानडीत भरावी लागते. कर्नाटकात सक्तीच्या ग्रामीण सेवेचा 2012 चा कायदा आहे. त्याखाली नेमणूक आली तर ते वर्ष शिक्षा म्हणून न काढता याच दृष्टीने वापरावे.

गुरुजी, मुदत संपण्याआधी पासवर्ड तिला द्यावा, आणि तो तिच्याकडून बदलून घ्यावा. संस्थांच्या यादीविषयी मला अधिक लिहायचे आहे. त्यासाठीचे पत्र मात्र तिने स्वतः पाठवावे.