गॅरेज कट्टा : आधी ब्रेक, मग पिकअप

प्रश्न : पोलोला पुढे परफॉर्मन्स पॅड टाकले. तरी चौघे बसून करूळ घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल तळाला गेलं. वैभववाडीत अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पूर्ववत. मेकॅनिक मास्टर सिलिंडर बदलायला सांगतो. बदलू का? (राजारामपुरी)

उत्तर : एवढ्यात नको. मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाचं) सील गेलं असेल तर थंड गाडीतही ते कळतं. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. सावकाश खाली सरकत गेलं तर सिलिंडरवर संशय घ्या. तुमचं लक्षण वेगळं आहे, ब्रेक ऑइल उकळल्याचं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत ते लवकर मुरतं. ताजं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ जातं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. पॅड तापून निकामी झाले असते तर उलट झालं असतं : पेडल टणक, वास उग्र, पण गाडी थांबत नाही.

एक लिटर डॉट ४ किंवा ५.१ चा सीलबंद डबा घ्या. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढा, पण तळ उघडा पाडू नका. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. नवं भरून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं या क्रमाने हवा काढा. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. निपलला (चाकाच्या ब्रेकवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) रिंग पानाच लावा, उघड्या पान्याने कोपरे गोल होतात. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचं, मगच पाय उचलायचा. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण एरवी न पोचणाऱ्या गंजलेल्या भागावर सील घासलं की चांगला सिलिंडरही जातो. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

नवे पॅड बसवायचे म्हणजे नुसते अडकवायचे नव्हेत. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की मटेरियलचा थर चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून उद्यमनगरात लेथला जाणाऱ्या कित्येक डिस्क अशाच असतात. टर्निंग करणार असाल तर आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पॅडला हजारो रुपये सहज निघतात, काहीशे रुपयांच्या ऑइललाच हात आखडतो!

प्रश्न : पोलो १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल), डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). रिमॅप केल्यावर, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलल्यावर, गिअरबॉक्स टिकेल? (कागल)

उत्तर : कंपनीचा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर आणि या सात गिअरच्या ड्राय क्लच बॉक्सची मर्यादा २५०. त्यामुळे ट्यूनरला बीएचपी नव्हे, टॉर्क किती आणि कोणत्या आरपीएमला, ते विचारा. खालच्या आरपीएमला एकदम उसळी देणारा मॅप मजा देतो खरा, पण क्लच खातो. वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. मॅपआधी प्लग, कॉइल आणि बूस्टची (टर्बोच्या हवेच्या दाबाची) गळती तपासा. मूळ फाइलची कॉपी स्वतःकडे ठेवा. ज्या पेट्रोलवर रोज चालवता त्याच पेट्रोलवर नॉकचा (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणाऱ्या ठोक्यांचा) लॉग काढून घ्या. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न आहेच. गाडीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही वाचा.

प्रश्न : स्विफ्टला १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/५५ आर १६ चालेल? (इचलकरंजी)

उत्तर : व्यासात मिलिमीटरभराचाही फरक पडत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. मात्र ८८ ऐवजी ८७ लोड इंडेक्स मिळाला तर प्रत्येक टायरची क्षमता ५६० वरून ५४५ किलोवर येते. साइडवॉलही साधारण १३ मिलिमीटरने कमी होते. खड्ड्यात रिम वाकायला तेवढं पुरतं.