ती गेली म्हणून

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. राग समजला, रडणंही समजलं. पण त्यातला 'गद्दार' हा शब्द मला खटकला आणि हे पत्र त्या एका शब्दापायी लिहितेय. तुमच्या पाच जणींच्या डान्स ग्रुपमधली पाचवी लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला गेली, म्हणून तू तिला गद्दार म्हणालीस. जायच्या आधी तिने तुम्हाला सांगितलं होतं, कॉलेजचा ठरलेला कार्यक्रम पार पाडला होता, मगच बॅग भरली. यात गद्दारी कुठे आली? जाणं म्हणजे दगा नव्हे. हे तुला पटेपर्यंत मी म्हणत राहणार आहे, कंटाळलीस तरी.

"पाच म्हणजे त्याच पाच, नवी कुणी नको" हे तू कोरियन पॉपच्या फॅन लोकांकडून उचललंयस. ठीक आहे, मग त्यांच्याच भाषेत बोलू. तुम्ही वंडर गर्ल्स या कोरियन मुलींच्या गटाचं 'नोबडी' हे गाणं बसवत होतात ना? टाळी वाजवून बोट रोखायची ती स्टेप पार्किंगमध्ये मोबाइल टेकवून शंभरदा केलीत. सांग बघू, वंडर गर्ल्सच्या 'त्याच पाच' कोणत्या?

2007 च्या फेब्रुवारीत त्या आल्या तेव्हा सनये, येउन, सोही, सनमी आणि ह्युना अशा पाच होत्या. ह्युना अर्ध्या वर्षाच्या आत, जुलैत गेली. पोटाचा जुना त्रास, त्यात चक्कर येऊन पडायची. घरच्यांनी तिला काढून घेतलं. त्या जागी सप्टेंबरमध्ये यूबिन आली आणि काही दिवसांतच 'टेल मी' हे गाणं बाहेर पडलं. सगळा कोरिया ते नाचला, पोलिसांनी वर्दीत नाचून व्हिडिओ काढले. सोहीचं ते गालाशी हात नेऊन 'ओमोना' (म्हणजे 'अगबाई') म्हणणं तर पोराबाळांच्या तोंडी बसलं. म्हणजे ज्या पाच जणी लोकांनी डोक्यावर घेतल्या, त्या मुळात बदललेल्याच पाच होत्या! तुझ्या हिशोबाने त्यांनी जुलैतच दुकान बंद करायला हवं होतं.

यूबिनचं आणखी सांगते, कारण मला ती फार आवडते. त्याआधी ती दुसऱ्याच एका कंपनीत 'फाइव्ह गर्ल्स' नावाच्या गटात होती. तो गट स्टेज बघायच्या आधीच मोडला. कंपनीकडे पैसा नव्हता. त्या पाचही जणी पुढे वेगवेगळ्या ठिकाणी नावारूपाला आल्या. तर ही मोडलेल्या गटातून आलेली मुलगी, ह्युनाच्या रॅपच्या जागी उभी राहिली आणि ह्युनाची नक्कल तिने केली नाही. आपल्या जाड, खालच्या आवाजात केलं. आणि ह्युना? तिने 2009 मध्ये फोर मिनिट या दुसऱ्या गटातून पुन्हा सुरुवात केली, आणि 2012 मध्ये 'गंगनम स्टाइल'च्या व्हिडिओत सगळ्या जगाने तिला पाहिलं. कुणी कुणाला बुडवलं, सांग मला.

आता तू म्हणशील, पण पुढे तर त्या घसरल्याच. घसरल्या, पण त्याचं खापर जाणाऱ्यांवर फोडू नकोस. 2009 मध्ये कंपनीने त्यांना अमेरिकेत नेलं. जोनस ब्रदर्स या तिथल्या बँडच्या शोआधी उभं राहायचं, इंग्रजीत 'नोबडी' म्हणायचं, बसने पुढच्या गावी जायचं. ऑक्टोबरमध्ये ते गाणं बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 76 व्या क्रमांकावर गेलं. कोरियन कलाकारांना ती यादी पहिल्यांदाच दिसली. मोठी गोष्ट होती, नाही म्हणत नाही. पण त्याच वर्षी इकडे कोरियात गर्ल्स जनरेशन या दुसऱ्या गटाच्या 'जी' गाण्याने मैदान मारलं होतं. ऐन भरात घर सोडून परमुलखात नशीब काढायला जायचं हा निर्णय त्या पोरींचा थोडाच होता? तो वरून आलेला. सनमी आणि सोहीची तर त्यापायी शाळा सुटली. 2010 च्या जानेवारीत सनमीने शिक्षणासाठी थांबते असं जाहीर केलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. सतरा! तुमच्या लातूरवालीपेक्षाही लहान.

मला या विषयावर इतकं का चढतं, ते तुझ्या आईला माहीत आहे. तुलाही सांगते.

मी ऑर्केस्ट्रात गायचे. गणपती-नवरात्रात एक रात्र रिकामी नसायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीची ऑर्डर आली तेव्हा मी सीझनच्या आधी मालकांना सांगितलं, घेतलेले सगळे कार्यक्रम गायले आणि दसऱ्यानंतर गेले. तर छापून पडलेल्या पोस्टरांवर माझ्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली त्यांनी. खळ अशी लावलेली की खालचं नाव ओलसर दिसायचंच. आणि माझ्या जागी जी मुलगी घेतली तिला माझ्याच पट्टीत गायला लावलं. माझी काळी चार, तिचा आवाज त्याहून खाली. सिंथवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, एक बटण दाबायचं काम होतं, पण नाही! तार सप्तकात तिचा आवाज फाटायचा आणि पब्लिक म्हणायचं, पहिलीची सर नाही. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला तो पैशांच्या भांडणात, पण गावात आजही म्हणतात की मी गेले म्हणून पडला. हे खरं नाही. मी हे इथे लिहून ठेवतेय, म्हणजे निदान तुझ्याकडे तरी राहील.

नोकरी धरली याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. घरात धाकटी दोन भावंडं होती, स्टेजच्या पाकिटावर ती शिकली नसती. वाईट कशाचं वाटतं सांगू? रविवारी, सुट्टीत, मी आनंदाने आले असते गायला. एकानेही बोलावलं नाही. दगाबाज ठरलेल्या बाईला कोण बोलावतं!

म्हणून सनमीचं पुढचं नीट वाच. ती गेल्यावर हेरिम आली, हाँगकाँगमध्ये वाढलेली. 2013 मध्ये सनयेने लग्न केलं आणि संसाराला गेली, सोहीने अभिनयाची वाट धरली. दोन-अडीच वर्षं गटाचा आवाजच नव्हता. आणि 2015 मध्ये चौघी परत आल्या तेव्हा त्यात सनमी होती, हातात बेस घेऊन! यूबिन ड्रम्सवर, येउन कीबोर्डवर, हेरिम गिटारवर. पाच वर्षांपूर्वी गेलेलीला आत घेतलं आणि जुन्या स्टेप्स चौघींत वाटून घ्यायच्या भानगडीत न पडता नवीन कामच अंगावर घेतलं. तोवर त्यांची मुख्य गाणी कंपनीचे मालक पार्क जिन-यंग करायचे. 2016 चं 'व्हाय सो लोनली' मात्र सनमी आणि हेरिमने एका संगीतकाराच्या जोडीने स्वतः रचलं आणि ते गाओन चार्ट या कोरियातल्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. पुढच्याच जानेवारीत गट संपल्याचं जाहीर झालं. 10 फेब्रुवारी 2017 ला, बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, शेवटचं गाणं काढलं आणि आपापल्या वाटेने गेल्या.

सनमी 2010 मध्ये गद्दार ठरली असती, तर 2015 मध्ये बेस कुणी धरला असता? जाणं म्हणजे दगा नव्हे गं. न सांगता जाणं दगा असेल, पैसे घेऊन जाणं असेल. तुमचीने यातलं काय केलं?

तुमच्या खालच्या मजल्यावरची ती अकरावीतली मुलगी विचारत होती ना, मी येऊ का म्हणून? तुझ्या मते ती "तिच्यासारखी" नाही. नसू दे. तिला गेलेलीच्या स्टेप्स घोटायला लावू नका, तिला काय येतं ते आधी बघा. तिलाही घ्यायचं नसेल तर चौघींत करा, पण मग फॉर्मेशन मुळापासून नवीन बसवा. आत्ता पाठवलेल्या व्हिडिओत मधली जागा तशीच रिकामी ठेवून चौघी कडेकडेने नाचताय, ते बघवत नाही. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला व्हिडिओच पाठवायचा आहे, अजून वेळ आहे, रडण्यात घालवू नका.

आणि तिला फोन कर. मेसेज नको, फोन. रविवारी दुपारनंतर कर, सकाळी त्यांची टेस्ट असते.

तुझी,
मावशी